राबाच्या वरच्या अंगाला

कुरवंड्याच्या रस्त्यावर सकाळी चालताना मी श्वास जितका वेळ आत घेतो त्याहून बराच जास्त वेळ बाहेर सोडत राहतो. ओठांचा चंबू करायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा हळू सोडायचा. डॉक्टरांनी हे शिकवलं तेव्हा सुरुवातीला फार लाज वाटायची. समोरून कुणी आलं की मी ओठ सरळ करून उगीच खाकरायचो. पावसाळ्यात तो प्रश्न येत नाही. ढग रस्त्यावरच उतरलेला असतो आणि समोरचा माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. झाडं अर्धी असतात. एखादी म्हैस ढगातून बाहेर येते, माझ्याकडे बघते आणि पुन्हा ढगात शिरते. अशा वेळी माझी फुंकर कुठे संपते आणि ढग कुठे सुरू होतो ते कळत नाही. वाटतं, हा सगळा ढग मीच थोडा थोडा करून बाहेर सोडला आहे, आणि अजून बराच आत शिल्लक आहे.

माझ्या फुप्फुसांना एक जुनाट आजार आहे. सौम्य आहे आणि लवकर सापडला. मी त्याच्यासोबत बरा जगतो. इतकंच सांगायचं असतं तर चार ओळींत भागलं असतं. पण दोन वर्षं मी समजत होतो की ही माझ्या छातीची गोष्ट आहे, आणि त्या दोन वर्षांत माझ्या वहिनीकडे माझं लक्ष गेलं नाही. ते सांगितल्याशिवाय मला माझ्या बरं असण्याबद्दल बोलायचा हक्क नाही.

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. दमट हवा डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि पाऊस पडतो, हे मी इतक्या वर्गांना सांगितलं आहे की झोपेतही फळ्यावर बाण काढू शकेन. आम्हा इथल्या लोकांना आमच्या हवेचा एक खुळा अभिमान आहे. बाहेरगावची माणसं गाडीची काच खाली करून छाती भरून श्वास घेतात आणि आम्ही टपरीवरून त्यांच्याकडे असे बघतो, जणू हवा आमच्याच परसात पिकते. त्यामुळे खोकला आला तर आम्ही म्हणतो गारठा आहे. दम लागला तर म्हणतो चढ आहे. लोक जिथे छाती सुधारायला येतात, तिथल्या माणसाची छाती बिघडेल हे आमच्या मनात येत नाही. मी भूगोलाचा शिक्षक, पण मीही दोन हिवाळे याच भरवशावर खोकत राहिलो.

माझी बायको तळेगावची. ती एकदा सकाळी चहा ओतताना म्हणाली, "झोपेत तुझ्या छातीतून कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज येतो. आज सुट्टी टाक." मग तळेगावच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं, औषधाची वाफ दिली, पुन्हा फुंकायला लावलं. मग समोर बसवून प्रश्न विचारू लागल्या.

"घरी चूल होती?"

"लहानपणी होती. गावी अजून आहे. पण सिगारेट मी ओढली, मॅडम. कॉलेजपासून."

"शेतात काही जाळता का?"

"राब असतो उन्हाळ्यात. पण खरं कारण सिगारेटच आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही तपासायला आलाय की गुन्हा कबूल करायला?"

बायको हसली. मी नाही हसलो. मी खरोखरच गुन्हा कबूल करायला गेलो होतो. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या करवंदीच्या जाळीआड उभं राहून झुरके मारायचे, तोंडात वेलदोडा टाकायचा आणि पुढच्या तासाला मुलांना वातावरणाचे थर शिकवायचे, असा मी माणूस. शिक्षा होणार हे मला ठाऊकच होतं. ती सौम्य निघाली याचंच उलट वाईट वाटलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "जे गेलं ते परत येणार नाही. पण जे आहे ते सांभाळलंत तर नातवंडांना खांद्यावर घेऊन डोंगर चढाल. सिगारेट आजपासून बंद. धुरापासून लांब. रोज चालायचं. पंप वेळेवर घ्यायचा."

धुरापासून लांब, हे शब्द मी माझ्यापुरतेच ऐकले.

सिगारेट सुटली. ती कशी सुटली हे सांगत बसत नाही. ज्यांनी सोडली त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी सोडली नाही त्यांना सांगून उपयोग नसतो. नवल मात्र नंतरचं. काही महिन्यांनी एका सकाळी मला ओल्या कारवीचा वास आला. मी रस्त्यात थांबलो. हा वास मला कॉलेजात जाईपर्यंत येत होता आणि मग कधीतरी बंद झाला होता, आणि तो बंद झाल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता भाजी करपली की तूही धावत येशील."

हळू चालणं ही मला मिळालेली देणगी आहे. आधी मी झपाझप चालायचो आणि मला फक्त रस्ता दिसायचा. आता कुंपणाच्या तारांवर दवाने जड झालेली कोळ्यांची जाळी दिसतात. घाटातून मालगाडी वर येत असते तेव्हा तिला मागून ढकलणाऱ्या इंजिनांचा आवाज धुक्यातून येतो. गाडी दिसत नाही, नुसता दम ऐकू येतो. कधीकधी मी माझा श्वास त्या आवाजाला जुळवून घेतो. ती चढते, मी चढतो. वर पोचलं की दोघांचाही आवाज मोकळा होतो. असं वाटतं की या डोंगरात सगळंच कुणीतरी मागून हळूहळू ढकलत आणलेलं आहे, ढगसुद्धा.

हे सगळं चालू होतं आणि वडिवळ्याला मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

वडिवळ्याला आमचं घर, धरणाच्या पाण्यावरून थोडं वर. भाताची जमीन आहे. तिथे माझा थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. आई लवकर गेली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. तिने मला वाढवलं. मी तिला 'तू' म्हणतो आणि ती मला 'भाऊजी, तुमी' म्हणते. मी शाळेत जायचो तेव्हा ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठून माझ्या आंघोळीचं पाणी तापवायची. पावसाळ्यात लाकडं ओली असायची. फुंकणीने फुंकून फुंकून ती जाळ करायची आणि सगळं स्वयंपाकघर निळं व्हायचं. मला ते निळं घर फार आवडायचं. अंथरुणातून मला ती धुरात फक्त कमरेपर्यंत दिसायची, एखाद्या स्वप्नातल्या बाईसारखी. पुढे घरी गॅस आला. पण गॅस चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच राहिलं.

आणि राब. भाताची रोपं जिथे वाढवायची ती जमीन उन्हाळ्यात भाजून घ्यायची, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. खाली शेणाचा थर, त्यावर ऐनाच्या डहाळ्या आणि पाला, त्यावर गवत, वरून बारीक माती. मग हे सगळं सावकाश धुमसवायचं. घाई केली तर काम बिघडतं. म्हणून आग वाऱ्याच्या खालच्या अंगाने लावतात. मग तिला वाऱ्याच्या उलट सरकावं लागतं, ती हळू चालते आणि माती खोलवर भाजते. वरच्या अंगाने लावली तर नुसता भडका उडतो. पाला जळून जातो, माती कच्ची राहते, तण मरत नाही. पण जो खालच्या अंगाला उभा राहतो त्याच्या तोंडावर सगळा धूर येतो. आमच्या घरात तिथे वहिनी उभी राहते. तिच्या हाताला आग ऐकते, असं दादा कौतुकाने सांगतो. ते कौतुक आहे की सोय, हे माझ्या मनात कधी आलं नाही.

आजार कळल्यावर मी राबाला जाणं बंद केलं. निमित्त पेपर तपासण्याचं. दुसऱ्या वर्षी दादाचा फोन आला, "औंदाबी पेपरच का रं? तुजी पोरं लय लिवत्यात वाटतं."

"हो रे, पुरवण्या जोडतात."

"जोडू दे, जोडू दे. सायबाला धूर चालत न्हाई म्हन की सरळ."

तो गमतीने बोलला होता. फोन ठेवून मी पंप घेतला आणि खिडकीत बसलो. मी सिगारेटी ओढल्या, मी फुप्फुसं बिघडवली, आता माझ्या वाट्याचं कामही टाळतो आहे. अपराधाची ही उतरंड मी रोज रचायचो आणि रोज तिच्याकडे बघत बसायचो. तिच्याकडे बघताना मला दुसरं काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी चैत्रात एका रविवारी मी तांदूळ आणायला वडिवळ्याला गेलो. कामशेतहून मिळालेल्या टमटमने फाट्यावर सोडलं आणि मी पायवाटेने वर निघालो. ऊन अजून मऊ होतं. धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि काठावरच्या चिखलावर बगळे ठेवल्यासारखे उभे होते. पुढे चढावर एक बाई डोक्यावर ऐनाच्या डहाळ्यांचा भारा घेऊन चालली होती. पाला इतका मोठा होता की लांबून एखादं झुडूपच चढ चढतंय असं वाटत होतं. उंबरापाशी ते झुडूप थांबलं. बाईने एक हात खोडावर टेकवला आणि मान वळवून धरणाकडे पाहू लागली. बराच वेळ पाहत राहिली.

ती वहिनी होती. आणि ती पाणी बघत नव्हती.

हे मला ताबडतोब कळलं, कारण ही युक्ती माझी होती. कुरवंड्याच्या चढावर मी हेच करायचो. दम लागला की थांबायचं आणि दरीकडे असं बघायचं, जणू तिथे काहीतरी बघण्यासारखं आहे. कुणी सोबत असेल तर फोन काढायचा. छाती खालीवर होताना कुणाला दिसू नये म्हणून हात कमरेवर ठेवायचा. वहिनीचा मोकळा हात कमरेवर होता.

मी जवळ गेलो. "काय बघतेस गं?"

ती दचकली नाही. "पानी बघती. लय खाली गेलंय औंदा."

"दर वर्षीच जातं. दे इकडं तो भारा."

"ऱ्हाऊ द्या. कपडं खराब व्हतील. मास्तर मानूस तुमी."

मी भारा ओढूनच घेतला आणि डोक्यावर ठेवला. पुढच्या वळणापर्यंत गेलो आणि थांबलो. ती मागून आली आणि तीही थांबली. मी धरणाकडे बघत होतो.

"तुमी काय बघता, भाऊजी?"

"पाणी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला आणि तो थांबेना. ती खाली बसली. मी भारा टाकून तिच्या शेजारी बसलो. तिच्या छातीतून येणारा आवाज मला ओळखीचा होता, पण माझ्यापेक्षा खोल होता. खोकला थांबल्यावर तिने पदराने डोळे पुसले. मी तिला सगळं सांगितलं. नळी, पंप, करवंदीची जाळी, पेपरांचं खोटं निमित्त, सगळं.

"दोन वर्सं झाली? आन् बोलला न्हाई?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"सिगारेटची."

"ती तर मला ठावं हाय. कालिजात व्हता तवापासनं तुमच्या शर्टाला वास यायचा. शर्टं धुतली कुनी?"

मग जे मनात साचलं होतं तेही बोललो. माझ्या शाळेसाठी ती भल्या सकाळी चूल फुंकायची, ओल्या लाकडांचा धूर घ्यायची, आणि तिची छाती त्यानेच गेली असणार. माझ्यामुळेच.

वहिनी माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मी अजून चड्डीत आहे. "लय मोटं मानूस हाय बाई ह्ये! सिगारेट तुमी वडली, चूल तुमच्यापायी पेटली, दम बी मला तुमच्यापायी लागला. आमाला आमचं सवताचं म्हून कायच नसावं व्हय?"

मी अपराधाचं ओझं वाहतो असं मला वाटायचं. खरं तर मी दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझंही माझंच म्हणून मिरवत होतो, आणि ज्याचं ते होतं त्याच्याकडे बघतही नव्हतो.

"डॉक्टरांकडे चल," मी म्हणालो.

"राब झाल्यावर बगू."

"राबाच्या आधी. वहिनी, त्या धुरात तू अजून एक वर्ष उभी राहू नकोस."

"तेच म्हनते मी. डागदरकडं गेलं का पैली राब सोडवत्यात. मंग चूल. एकदा दमेकरी म्हनलं का मानूस वट्यावर बसतंय आन् येनारे-जानारे इचारत्यात, जेवली का मावशी. मला न्हाई बसायचं वट्यावर."

तिला हीच भीती होती. मरणाची नव्हती. मी तिला समजावलं नाही. मला समजावता येत नाही, शिकवता येतं, आणि ते तिच्यावर चालत नाही. माझ्या तोंडून भलतंच निघालं, पण खरं निघालं. "पुढच्या आठवड्यात माझी तपासणी आहे. बायकोला रजा नाही. मला एकट्याला जायची भीती वाटते. फुंकून झाल्यावर तो कागद बाहेर येतो ना, त्याची भीती वाटते."

वहिनी उठली, भारा माझ्या डोक्यावर चढवायला तिने हात लावला. "आसं म्हना की मंग. येते."

"आणि गेल्यासरशी तूही एकदा फुंक."

"बगू."

घरी दादा अंगणात दोरखंड वळत बसला होता. त्यालाही सांगून टाकलं. तो मान वर न करता म्हणाला, "सिगारेट."

"तुलाही ठाऊक होतं?"

"गावाला ठावं हाय. तू काय लपून वडत व्हता व्हय?"

तपासणीच्या दिवशी वहिनी नवं लुगडं नेसून आली. माझं फुंकणं आधी झालं. मागच्या वर्षी होतो तिथेच होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान सांभाळलंत." मी वहिनीकडे बोट केलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिचं बोलणं थोडं ऐकलं, आणि आतल्या मुलीला हाक मारली.

मुलीने वहिनीच्या हातात नळी दिली. वहिनीने ती फिरवून पाहिली. "ही तर फुकनीच की वो."

"आजी, खोल श्वास घ्या आणि जोरात फुंका. एकदम जोरात, आणि संपेपर्यंत फुंकत राहा."

वहिनीने डोळे अर्धे मिटले, नळी ओठांना लावली आणि फुंकलं. हळू. एका लयीत, लांब, निखाऱ्याला जाग यावी पण त्याने चटका देऊ नये इतकंच. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला निळं स्वयंपाकघर दिसत होतं.

"असं नाही, आजी. जोरात!"

पुन्हा तेच. जरा लांब, पण तसंच मऊ.

"आजी, ताकद लावा ना!"

"ताकद लावल्यावर राख उडती, बाय," वहिनी तिला समजावून सांगू लागली. "डोळ्यांत जाती. भाकरीवर पडती."

मुलीला काही कळेना. यंत्र ते फुंकणं मोजायला तयार नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच झालं. वहिनीला घाम आला आणि ती नळी खाली ठेवू लागली. चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. जमत नाही म्हणजे काही नाही, चला घरी. मी पुढे झालो आणि तिच्यासमोर वाकलो.

"वहिनी, राख उडू दे."

"उडू दी?"

"सगळी उडू दे. घरभर."

तिने माझ्याकडे बघत श्वास घेतला आणि फुंकलं. तिच्या आयुष्यात तिने चुलीसमोर कधी असं फुंकलं नसेल. कपाळाच्या शिरा वर आल्या. मुलगी ओरडत होती, "अजून, अजून, अजून!" आणि मग खोकला आला, इतका की मुलगी पाणी आणायला धावली. यंत्रातून कागद निघाला.

तिचा आजार माझ्या पुढचा होता. सौम्य नाही, मध्यम. जिने आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही, तिचा. डॉक्टरबाईंनी तिलाही पंप दिला, चालायला सांगितलं, श्वास कसा सोडायचा तेही सांगू लागल्या. ओठांचा चंबू करून हळू सोडणं तिला शिकवावंच लागलं नाही. चूल बंद करा म्हणाल्या. वहिनीने एकच प्रश्न विचारला.

"आन् राब?"

"राब होऊ दे. पण तुम्ही धुरात उभं राहायचं नाही. एक दिवससुद्धा नाही. लांबून बघा."

तळेगाव स्टेशनच्या बाकावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. दुपारच्या उन्हात रूळ थरथरत होते आणि फलाटाच्या टोकाची माणसं पाण्यात असल्यासारखी हलत होती. वहिनी पंप हातात घेऊन बसली होती.

"ह्यो बी फुकायचा?"

"नाही. हा ओढायचा."

"तुमच्या सिगारेटीवानी?"

"हो."

"मंग तुमीच शिकवा. तुमाला सवय हाय."

घरी गेल्यावर तिने दादाला एवढंच सांगितलं, "डागदरनी माजी फुकनी बंद केली." दादा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मंग राब?"

"तुमी लावा."

"मला कुटं जमतंय."

"मी वरच्या अंगाला बसून सांगते."

पुढच्या दिवसांत मी न्हाणीत विजेचा गिझर बसवून दिला. दादा त्याला 'मास्तरचा बंब' म्हणतो. भाकरी गॅसवर येऊ लागली आणि तिला चव नाही, यावर नवराबायकोचं एकमत झालं. फार वर्षांत त्यांचं कशावर एकमत झालं नव्हतं.

राबाच्या दिवशी मी गेलो. पेपर तसेच ठेवून गेलो. सकाळचा वारा घाटाकडून पाण्याकडे मंद वाहत होता. वहिनी आणि मी बांधाच्या वरच्या अंगाला, जिथे धूर येणार नाही अशा जागी बसलो. खाली दादा तोंडाला ओला टॉवेल बांधून खालच्या कडेला उभा राहिला. पेटवलं. आधी काहीच दिसलं नाही, मग मातीतून धुराचे धागे निघाले, मग पांढरा लोट आला आणि दादा त्यात नाहीसा झाला.

"पुडं सरकू नका!" वहिनी ओरडली. "कडंकडंनं लावा!"

धुरातून खोकला ऐकू येत होता. दादा बाहेर येई, डोळे पुसे, पुन्हा आत जाई. असं दोनचारदा झालं. शेवटी त्याला ते सहन झालं नाही. तो वळसा घालून आमच्या बाजूला आला आणि उरलेला तुकडा त्याने वरच्या अंगानेच पेटवला.

भडका उडाला. वारा मिळताच जाळ पाल्यावरून धावत सुटला. वहिनी ताडकन उठली. "वरनं न्हाई! आवो, खालून! माती कच्ची ऱ्हाईल!" आणि ती बांध उतरू लागली. माझा हात तिला धरायला पुढे झाला होता. तो मी मागे घेतला. हे ओझं माझं नव्हतं. मी फक्त उभा राहिलो. आजवर ती जिथे उभी राहिली ती जागा खाली होती, धुराने भरलेली, आणि तिला तिथे काय करायचं हे अचूक ठाऊक होतं. ती अर्ध्या उतारावर थांबली. तिचा हात कमरेवर गेला. तिने श्वास घेतला आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडला, जाळाकडे बघत, जणू तिथूनच ती तो जाळ फुंकून शांत करणार होती.

मग ती परत वर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"जळू दी," ती म्हणाली. "औंदा रोप जरा पिवळं यील. येऊ दी."

जाळ लवकरच संपला. दादा वर आला. तोंड काळं, डोळे लाल, टॉवेल गळ्यात. तो आमच्या शेजारी धपकन बसला आणि बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला. मग वहिनीकडे न बघता म्हणाला, "तू कशी गं उबी ऱ्हायची तितं?"

"आता इचारलंत व्हय," वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असं धापा टाकू नका. असा सोडा. चहावर फुक घालताव तसा."

दादाने ओठांचा चंबू केला. त्याला ते नीट जमत नव्हतं, मिशी आड येत होती. वहिनी हसली आणि या वेळी तिला खोकला आला नाही. धूर उतारावरून खाली गेला होता आणि धरणाच्या पाण्यावर पसरत होता. आधी बगळे गेले, मग चिखलाचा काठ, मग पलीकडचा डोंगर हळूहळू विरघळला. थोड्या वेळाने नुसतं पाणी उरलं, आणि तेही अधूनमधून.

आम्ही तिघं शेजारी बसून ते बघत होतो. या वेळी खरोखर पाणीच बघत होतो.